शहाऐंशी ग्रॅम

हेर्नोसांदच्या शाळेखाली, तळघरात,
फेब्रुवारीतला हीटर आधी खोकतो, मग तापतो.
आल्रिक बुटांच्या खोक्यातून ब्लेडं काढून टेबलावर मांडतो,
रबर न लावलेली, उघडी, फिकट पिवळी.
चाळीस वर्षं त्यानं याच इमारतीत सुतारकाम शिकवलं.
"सगळ्यांत वेगवान कुठलं?" मी सवयीनं विचारते.
तो ऐकू न आल्यासारखं करतो.

त्याला ऐकू येतं. फार बारीक ऐकू येतं.
बोटाच्या पेरानं एकेक ब्लेड वाजवतो, कानाशी धरतो,
मडकं पारखून घ्यावं तसं.
हे टणकन बोलतं : ताठ, चिडकं.
हे बद्द वाजतं : थकलेलं.
आणि हे.
पाच थर. पोटात अयूस, अंगावर लिंबा,
झाडं आफ्रिकेतली, गोंद इथला.
"आत काय आहे?"
"लाकूड."
"आणि?"
"आणखी लाकूड."

मागच्या वर्षी मी कार्बनचं घेतलं होतं,
अर्धा पगार घालून.
चेंडू लागला की गेलाच,
टेबलापलीकडे, बाकाखाली, रेडिएटरच्या मागे.
मी वाकून वाकून तो आणायची
आणि समोर बोदिल, वय एकाहत्तर,
स्वेटरच्या बाह्या सारखी करत उभी.
हरायचे, पण का हरले ते कळायचं नाही.
दाराच्या फटीतून कुणी निनावी चिठ्ठी सरकवावी
तसा एकेक गुण जायचा.

मी क्रामफोर्सची बस चालवते.
बर्फावर ब्रेक दाबायचा नसतो, विचारायचा असतो :
थांबशील का?
आणि तळपायाला उत्तर येईपर्यंत
पुढचं काही ठरवायचं नसतं.
पायाला हे एकवीस वर्षं ठाऊक आहे.
हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

आल्रिक पिठाचा काटा काढतो.
ब्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाऐंशी.
"एक्क्याण्णव तुझा खांदा मागेल," म्हणतो, "वसंतापर्यंत."
मूठ हातात देतो. अंगठ्याच्या बेचक्यात कड रुतते.
माझ्या चेहऱ्यावर त्याला ती दिसते बहुतेक,
खिशातून पॉलिशपेपर काढून
दोनदा घासतो, फुंकर घालतो.
"आठ दिवस घरी ने. रबर लावू नकोस.
पैशांचं नंतर."

बटाटे उकडेपर्यंत शेगडीपाशी उभी राहून
मी उघड्या लाकडावर चेंडू उडवते.
टक. टक. टक. शंभर. दोनशे बारा.
खालचे ल्युंगस्ट्रॉम झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात,
तेही बेताल.
तिसऱ्या दिवशी बोटांना उमगू लागतं :
मध्यावर लागला तर लाकूड गप्प,
कडेला लागला तर तक्रार
थेट मनगटापर्यंत येते.
बटाट्यांचा लगदा झाला त्या दिवशी.

शुक्रवारी बोदिल.
एका बाजूला लाल, एका बाजूला काळं, गोंदाचा वास अजून ताजा.
तिची ती सर्व्हिस, पोटाजवळून निघणारी, खोटं बोलणारी.
मी ढकलते. परत येतो.
ढकलते. परत येतो.
एका गुणाच्या आत इतका वेळ
मी कधी राहिले नव्हते,
बाहेर बर्फ उपसणारी गाडी येऊन गेली तेवढा वेळ.

पाचवा गेम. नऊ-दहा.
चेंडू जाळ्याला टेकून माझ्याच बाजूला उतरतो.
मनगट जरासं उशिरा उघडलं.
चेंडू पडायच्या आधीच मला कळलं होतं.
त्या खाली सही माझी होती.

बोदिल हात पुढे करते, बॅटकडे बघते.
"नवीन? कसं आहे?"
"हळू आहे," मी म्हणते,
आणि म्हणताना जो तोरा आवाजात येतो
तो लपवायला खाली वाकते,
चेंडू उचलायला.
तो इथंच आहे, बुटाशी.